गुलकंदाशेजारी साबर बोंडं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मिरजेत राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. यजमान गेल्यावर घरात बसवेना, तेव्हा शेजारच्या मंडळींनी मला त्यांच्या सिनेमाच्या गटात ओढलं. आम्ही अकरा जण आहोत, बहुतेक निवृत्त. संक्रांतीनंतरच्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो, तिळगूळ होतो आणि सरलेल्या वर्षात आवडलेले सिनेमे प्रत्येकाने सांगायचे, अशी आमची रीत आहे. मी माझी यादी आधीच एक-दोघांना बोलून दाखवली : ‘साबर बोंडं’ (पुण्यात मुलीकडे गेले होते तेव्हा पाहिला), ‘स्थळ’, ‘आता थांबायचं नाय’, ‘गुलकंद’ आणि फोनवर पाहिलेला ‘होमबाउंड’. झालं, तेवढ्यावरून सुरू झालं. गटातले प्राध्यापक म्हणाले, यादी दहाचीच हवी, प्रत्येक सिनेमाला शंभरपैकी गुण हवेत आणि ‘गुलकंद’ व ‘साबर बोंडं’ एका यादीत घालणाऱ्याच्या अभिरुचीला दिशा नाही. माझी जवळची मैत्रीण म्हणाली, दोन पुरुषांच्या प्रेमाचा सिनेमा, नातवंडं बसलेली असतात, नाव काढू नकोस. भाचा म्हणतो, मराठी असून ‘छावा’ नाही? आणि मुलगी म्हणते, आई, जगातलं काही न बघता यादी कसली करतेस? मला ‘साबर बोंडं’ का आवडला ते सांगते. दहाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि एकटीला रडायला कोपरा मिळत नाही, हे मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं. यादी बदलू का? की या वेळी नुसता तिळगूळ खाऊन गप्प बसू?

उत्तर : बाई, यादी बदलू नका. आणि गप्प तर मुळीच बसू नका.

प्राध्यापकांपासून सुरुवात करते, कारण त्यांचा आक्षेप सगळ्यांत वजनदार वाटतो आणि सगळ्यांत आधी तोच बाजूला ठेवता येतो. त्यांना हवं आहे ते निकालपत्र. निकालपत्रं देणारी मंडळी वेगळी आहेत आणि ती आपलं काम नेटाने करतात. १ ऑगस्ट २०२५ ला ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात ‘श्यामची आई’ उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. परीक्षकांपुढे प्रवेशिका येतात, ते त्या पाहतात, वाद घालतात, मग निर्णय होतो. तुमच्यापुढे प्रवेशिका आल्या नव्हत्या. तुम्ही स्वतःच्या पैशाने तिकीट काढलंत, कधी उन्हात गेलात, कधी पावसात, आणि अंधारात बसून काहीतरी घेऊन घरी आलात. ते काय होतं, हे कुठल्याही परीक्षक मंडळाला सांगता येणार नाही. ते फक्त तुम्हीच सांगू शकता. त्या रविवारी तुमच्याकडून तेवढंच अपेक्षित आहे. तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत. शंभरपैकी गुण द्यायला आधी प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी माझी यादी कशी करते ते सांगते, पटलं तर घ्या. डिसेंबर संपता संपता एका संध्याकाळी वही घेऊन बसते. तिकिटं, डायरी, फोन, काहीही उघडत नाही. आठवतील ती दृश्यं लिहीत जाते; सिनेमाचं नाव नंतर. फार विलक्षण गोष्टी घडतात यात. ज्या सिनेमाबद्दल बाहेर पडल्या पडल्या तावातावाने बोलत होते, त्यातलं एकही दृश्य वहीत उतरत नाही. आणि ज्याच्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नव्हता, तो पान भरून टाकतो. जे उतरतं ती माझी यादी. या वेळी काय उतरलं ते सांगते, म्हणजे तुमच्या यादीची बाजू मी का घेते आहे ते कळेल.

सगळ्यांत आधी ‘स्थळ’मधली सुरुवात उतरली. बायका ओळीने बसल्या आहेत आणि मुलगा बघण्याचा कार्यक्रम चालला आहे. प्रश्न विचारताहेत बायका, मान खाली घालून उत्तरं देतोय तो. स्वप्नच आहे ते, आणि ते मोडल्यावर पुढचा सगळा सिनेमा आपण जागेपणी पाहतो. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापसाचं शेत, बीएच्या वर्गात शिकणारी सविता. तिला पुन्हा पुन्हा स्टुलावर बसवलं जातं आणि दर वेळी तेच प्रश्न, तीच उंची, तोच रंग. जयंत सोमलकरांनी गावातल्याच लोकांना घेऊन हा सिनेमा केला. नंदिनी चिकटे या मुलीने त्याआधी कधी कॅमेऱ्यापुढे काम केलेलं नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमाला प्रेक्षक हसतात, कारण प्रश्न आधीच पाठ झालेले असतात. त्यानंतरच्या कार्यक्रमाला हसू येत नाही. तुम्ही शाळेत किती सविता पाहिल्या असतील! तुमच्या यादीत हा सिनेमा आहे याचं मला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही.

इथे प्राध्यापक एक हरकत घेऊ शकतात, तिची तयारी ठेवा. ‘स्थळ’ २०२३ मध्येच टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला होता आणि तिथे त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कारही मिळाला होता. मग तो गेल्या वर्षीचा कसा? माझा नियम साधा आहे. साध्या तिकिटावर साध्या माणसाला ज्या वर्षी तो बघता आला, त्या वर्षीचा तो सिनेमा. ‘स्थळ’ आपल्याकडे ७ मार्च २०२५ ला लागला, म्हणून २०२५. महोत्सवात पास काढून जाणाऱ्यांची यादी वेगळी झाली तर होऊ द्यावी.

दुसरं दृश्य मालेगावचं. ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ तुमच्या यादीत नाही, बहुधा तुमच्याकडे तो लागला नसेल. फेब्रुवारीच्या शेवटी आला आणि थिएटरात फार टिकला नाही. यंत्रमागांच्या गावात एक व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख आपल्या दोस्तांना जमवतो आणि गावातल्या गावात, गावच्या माणसांसाठी ‘मालेगाव के शोले’ काढतो. ही खरी घडलेली गोष्ट आहे. फैजा अहमद खान यांनी यावर माहितीपट केला होता, आता रीमा कागतींनी कथापट केला. दोस्तांतला शफीक यंत्रमागावर राबणारा, अंगाने काटकुळा. तो आजारी पडतो आणि मित्र त्याला सुपरमॅन करतात. तो स्वतःला पडद्यावर उडताना पाहतो त्या वेळी माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्याने रडला, आणि आजूबाजूच्या कुणी वळूनही पाहिलं नाही, कारण सगळ्यांचंच तेच चाललं होतं. सिनेमाची आवड असलेल्या तुमच्या गटाने तर हा एकत्र बसून पाहायलाच हवा. हा सिनेमा पाहिल्यावर ‘अभिरुचीची दिशा’ वगैरे शब्द तोंडातून निघणं अवघड होतं. मालेगावच्या त्या पोरांना ‘शोले’ आवडला होता, आणि आवडला म्हणून त्यांनी स्वतःचा काढला. त्यांनी कुठे कुणाकडे गुण मागितले?

आता ‘साबर बोंडं’. यावर थोडी रेंगाळते, कारण तुमचं पत्र खरं तर याच एका सिनेमासाठी लिहिलेलं आहे.

रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला कथापट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात याला जागतिक कथापट विभागातलं ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं. त्या महोत्सवात निवडला गेलेला हा पहिला मराठी कथापट. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी आईबरोबर गावी येतो. संगमनेर तालुक्यातला हा भाग आहे. नातेवाईक येतात, आठवणी काढतात, आणि मयतीच्या घरातही याच्या लग्नाचा विषय निघायचा राहत नाही. लहानपणीचा मित्र बाळ्या तिथेच शेती करतो, त्यालाही घरचे लग्नासाठी मागे लागलेत. या दोघांमध्ये जे आहे ते हळूहळू आपल्याला कळतं, आणि आनंदच्या आईला ते आधीपासून माहीत आहे, हेही कळतं. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या वडिलांच्या जाण्यातून ही गोष्ट निघाली आहे.

कथा सांगितली की एवढीच होते. पण तुम्ही पाहिलंय, त्यामुळे तुम्हाला ठाऊक आहे की कथा म्हणजे हा सिनेमा नव्हे. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. माणसं चौकटीत येतात, टेकतात, उठून जातात. पार्श्वसंगीत अजिबात नाही. दुःख कधी सुरू करायचं हे सांगायला सतार-बासरी कुणी वाजवत नाही, त्यामुळे प्रेक्षकाला स्वतःचं दुःख स्वतः शोधावं लागतं. तुम्हाला तुमचं सापडलं. “दहाव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि एकटीला रडायला कोपरा मिळत नाही” असं तुम्ही लिहिलंत. मी या सिनेमावर बरंच वाचलं आहे, देशातलं आणि बाहेरचं. जी बाई त्या दहा दिवसांतून स्वतः गेली आहे, तिच्या या एका वाक्याइतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही. रविवारी बाकी काही बोला न बोला, हे वाक्य जसंच्या तसं वाचा.

मैत्रिणीशी मात्र भांडू नका. तिला भीती वाटते आहे, आणि भीती तिच्या पिढीला साजेशी आहे. तुमचीही पिढी तीच. तिला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगा. एक, यात लाज वाटावी असं काही नाही आणि कायद्यानेही नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या नात्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसून टाकला. नातवंडांपुढे सांगताना, “एका मुलाचं त्याच्या मित्रावर प्रेम असतं, आणि त्याच्या आईला ते ठाऊक असतं” इतकं साधं वाक्य पुरतं. मुलं ते ऐकतील आणि पुढची तिळाची वडी मागतील.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अकरा जणांची अकरा घरं. त्या घरांतली मुलं, मुली, सुना, जावई, भाचे, पुतणे, आता मोठी होत असलेली नातवंडं, सगळ्यांची मोजदाद करा. यातल्या एखाद्याच्या मनात आनंदसारखं काही असेल आणि त्याने ते कुणालाच सांगितलं नसेल, हे अगदी शक्य आहे. तो कदाचित त्या दिवशी आतल्या खोलीत चहा ओतत असेल. तुमच्यासारखी एक निवृत्त शिक्षिका, सगळ्यांनी मान द्यावा अशी, हातात कागद घेऊन म्हणते की यंदा मला हा सिनेमा सगळ्यांत जवळचा वाटला. ते वाक्य त्याच्या कानावर पडलं तर? किंवा असं काही मनात दाबून ठेवलेली एखादी आई त्या अकरा जणांपैकीच असेल तर? मला पत्रं येतात, बाई. या विषयावरची पत्रं बहुतेक नाव न घालता येतात आणि जवळजवळ प्रत्येकात एक ओळ असते, की घरात या विषयावर कुणी कधी चांगलं बोललेलं ऐकलंच नाही. तुम्हाला ती संधी एका सिनेमाच्या निमित्ताने मिळते आहे. कुणाला उपदेश करायचा नाही, कुणाला बदलायचं नाही. फक्त तुमची यादी वाचायची आहे.

‘होमबाउंड’ तुम्ही फोनवर पाहिलात म्हणून तो धरावा की नाही, अशी शंका तुमच्या पत्रात डोकावते. धरा. वहीत मात्र ‘घरी, फोनवर’ अशी नोंद करा, कारण कुठे पाहिला याचा परिणाम होतोच. नीरज घायवान यांचा हा सिनेमा, भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवलेला. पोलीस भरतीची परीक्षा देऊन वर्दी मिळाली की जगात मान मिळेल, असं मानणारे दोन मित्र, एक दलित आणि एक मुसलमान. पुढे टाळेबंदी लागते आणि सुरतेहून घराकडे निघालेले हे दोघे रस्त्यावर येतात. बशारत पीर यांनी २०२० मध्ये लिहिलेल्या एका खऱ्या घटनेवरच्या लेखातून हे आलं आहे. मी तो थिएटरात पाहिला, आणि पाहताना मला सारखी आपली करमाडची रात्र आठवत होती. ८ मे २०२०. जालन्याहून पायी निघालेले मजूर रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले होते आणि मग आपापल्या कामाला लागलो होतो. हा सिनेमा ते काम थोडा वेळ थांबवतो. विशाल जेठवा आणि ईशान खट्टर या दोघांचंही काम फार उत्तम आहे.

आता ‘गुलकंद’. मुद्दाम ‘होमबाउंड’च्या पाठीमागे घेते आहे, कारण माझ्याही वहीत दोन्ही एकाच पानावर आहेत. १ मेला, महाराष्ट्र दिनी, ‘आता थांबायचं नाय’ आणि ‘गुलकंद’ हे दोन्ही एकाच दिवशी लागले आणि दोन्ही चालले, ही मराठी सिनेमासाठी किती चांगली गोष्ट होती! ‘आता थांबायचं नाय’मध्ये मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणीतले कामगार रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात. हेही खरंच घडलेलं आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना इतक्या संयमाने काम करताना मी क्वचित पाहिलं होतं, आणि शिवराज वायचळ यांचं दिग्दर्शनात पहिलंच पाऊल. शिक्षिकेला हा सिनेमा न आवडता तरच नवल.

‘गुलकंद’मध्ये मुलांच्या लग्नाची बोलणी करायला बसलेल्या आईबापांतच जुनं प्रेम निघतं. समीर चौघुले, सई ताम्हणकर, प्रसाद ओक, ईशा डे. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे ही ‘हास्यजत्रे’ची जोडी, विनोदाची जागा कुठे रिकामी सोडायची हे त्यांना कळतं. पन्नाशीतल्या नवराबायकोचं एकमेकांना गृहीत धरणं, आणि तरी सोडून न जाणं, हे इतक्या हलक्या हाताने मांडणं सोपं नाही. बरं, तुम्हाला तो का आवडला हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. ते रविवारी सांगा, टाळू नका. प्राध्यापकांपुढे ‘साबर बोंडं’ची बाजू मांडणं सोपं जाईल, पुरस्कार पाठीशी आहे. ‘गुलकंद’ची बाजू मांडताना माणूस उगाच माफी मागितल्यासारखं बोलतो, “आपलं हलकंफुलकं, टाइमपास” वगैरे. तसं बोलू नका. घरी एकटी राहणारी बाई गटाबरोबर बसून दोन तास खळखळून हसली असेल, तर त्या दोन तासांचं मोल कमी कसं?

आणि अभिरुचीचंच म्हणाल तर माझ्या वहीत ‘सिनर्स’ आहे, आणि त्यात रक्त पिणारी भुतं आहेत. रायन कूगलर यांचा सिनेमा, १९३२ मधल्या अमेरिकेच्या मिसिसिपी भागातला. दोन जुळे भाऊ, दोघंही मायकेल बी. जॉर्डनच, आपल्या लोकांसाठी गाण्या-नाचण्याची एक जागा सुरू करतात. पहिल्याच रात्री एक पोरगा गिटार घेऊन गातो आणि त्या गाण्याच्या ओढीने मागच्या आणि पुढच्या पिढ्यांचे वादक-नर्तक त्या एका खोलीत येऊन मिसळतात. आपल्याकडे देवीच्या गोंधळात मध्यरात्रीनंतर संबळ चढला की घरातले गेलेले लोकही येऊन बसलेत असं वाटतं ना, अगदी तसं. मला ब्लूज संगीतातलं फार कळत नाही. त्या दृश्यासाठी कळावं लागत नाही.

यावरून मुलीच्या मुद्द्याकडे येते. जगातलं सगळं कुणीच पाहत नाही. १२ सप्टेंबरचा शुक्रवार आठवा. ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हे तीन मराठी सिनेमे एकाच दिवशी आले, आणि पुढच्याच शुक्रवारी ‘साबर बोंडं’. मिरज-सांगलीच्या माणसाला त्यातले किती पडदे मिळाले, किती खेळ सोयीच्या वेळेला होते? दुपारी बाराचा एकच खेळ, तोही आठवडाभराने उतरवलेला, ही मराठी प्रेक्षकाची जुनी रड आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही. खर्चाचंही बघायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के आहेच, आणि शंभराच्या आतलं तिकीट हल्ली शोधावं लागतं. म्हणून यादीच्या वर एक ओळ लिहा : यंदा मी इतके सिनेमे पाहिले, त्यांतले हे. पाहणाऱ्याने आपल्या पाहण्याची हद्द सांगितली की यादी खरी होते. मुलीला मात्र म्हणा, जगातलं तू दाखव. पुण्यात जानेवारी-फेब्रुवारीकडे आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. पुढच्या वेळी तिच्याकडे चार दिवस राहायला जा आणि दोघी मिळून पाहा.

‘दशावतार’चा उल्लेख ओघात आला. तो माझ्या वहीत अर्धा आहे. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडल्यावर ज्या तयारीने बाबुली मेस्त्री उभा करतात, ते पाहून मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते. तोंडाला रंग लागतो आणि म्हातारा माणूस देव होतो, तेवढे प्रसंग मला कायमचे लक्षात राहतील. उत्तरार्धात कथा सूडाच्या वाटेला लागली तेव्हा माझं मन जरा मागे राहिलं. अर्धा सिनेमा आवडतो, तेव्हा अर्धाच लिहावा. तुमच्या गटाला ही मुभा द्या, बघा किती मोकळेपणी बोलायला लागतात लोक.

भाच्याला काय सांगायचं? ‘छावा’ मी पाहिला. थिएटरात माणसं हुंदके देत होती, आणि ते हुंदके खरे होते. संभाजीराजांबद्दलची आपली माया शेकडो पानांच्या कादंबरीत मावत नाही की अडीच तासांच्या सिनेमात. पण ती माया सिनेमाच्या आधीपासून आपल्यापाशी होती, आणि आवडत्या सिनेमांच्या यादीत नाव घालून ती सिद्ध करावी लागत नाही. भाच्याला आवडला असेल तर त्याने त्याच्या यादीत अभिमानाने घालावा आणि कुठलं दृश्य आठवतं ते सांगावं. तुमच्या यादीतली जागा कर्तव्य म्हणून कुणालाही देऊ नका. देशप्रेमापोटी नाही, पुरस्कारापोटी नाही, आणि हो, ‘साबर बोंडं’लाही माझ्या सांगण्यापोटी नाही. तो तुमच्या त्या एका वाक्याच्या जोरावर तिथे आहे.

पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावायचे का? मी लावत नाही. ‘गुलकंद’ने मला हसवलं ते जास्त, की ‘होमबाउंड’ने झोप उडवली ते जास्त, याचा हिशेब कुठल्या मापाने करणार? लावायचेच असतील तर पाहिलेल्या क्रमाने लावा, मार्चपासून डिसेंबरपर्यंत. वर्ष कसं गेलं तेही त्यातून दिसतं. तुमची यादी तशी मांडली तर ती ‘स्थळ’पासून सुरू होते, मे महिन्यात दोनदा हसते-रडते, सप्टेंबरात पुण्याला जाते आणि मग घरी फोनवर येते. आणि दहाचा हट्ट सोडा. पाच आहेत तर पाच. दोन असते तरी चाललं असतं.

रविवारसाठी एक शेवटची सूचना. वाचताना ‘साबर बोंडं’ पहिला घेऊ नका. लोक तिळगूळ तोंडात टाकून स्थिरावलेले नसतात. शेवटीही ठेवू नका, उगाच समारोपासारखं होतं आणि मैत्रीण तोवर श्वास रोखून बसेल. ‘गुलकंद’ने सगळ्यांना हसवा, त्याच्या लगेच मागे तो सांगा, आणि न थांबता ‘होमबाउंड’कडे जा. प्राध्यापकांनी मध्ये काही विचारलंच तर त्यांना त्यांच्या यादीतल्या एका सिनेमाचं एक दृश्य विचारा. खवचटपणाने नव्हे, खरंच ऐकायला म्हणून विचारा. शंभरपैकी ब्याऐंशी गुण कशाला दिले हे सांगता सांगता त्यांना काय आवडलं होतं ते सांगावंच लागेल, आणि मग तुमच्या दोघांचं छान जमेल असं मला वाटतं.

तिथे गटात कुणी संतोष डावखर यांचा ‘गोंधळ’ पाहिला आहे का, तेही विचारा. नोव्हेंबरात गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, ‘इफ्फी’त, त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. माझा तो पाहायचा राहिला आहे. तुमच्यापैकी कुणाच्या यादीत असेल तर त्यांना कुठलं दृश्य आठवतं ते दोन ओळींत मला कळवा.